अर्ज न केलेला अधीक्षक : मिनियापोलिस पार्क बोर्डाचे प्रकरण

डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराच्या पार्क बोर्डाने पाच विरुद्ध चार मतांनी नवा अधीक्षक नेमला. अधीक्षक म्हणजे शहरातल्या सगळ्या बागा, तलाव, क्रीडांगणे आणि त्यांवर काम करणारी शेकडो माणसे ज्याच्या हाताखाली येतात तो मुख्य अधिकारी. जागा रिकामी झाल्यावर उमेदवारांचा शोध घेण्यात आला होता आणि काही नावे शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचलीही होती. ज्यांची नेमणूक झाली त्या जॉन गर्बन यांनी मात्र या पदासाठी अर्जच केला नव्हता.

यात बेकायदा काही नव्हते. अधीक्षक नेमण्याचा अधिकार बोर्डाचा होता, पाच मते पुरेशी होती आणि ती पडली. हंगामी म्हणून आलेले गर्बन पुढे कायम झाले आणि 2010 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. ते अधिकारी म्हणून कसे होते हा वेगळा विषय आहे, त्याबद्दल शहरात दोन्ही बाजूंची मते होती. प्रश्न नेमणुकीच्या रीतीचा होता. लोकांनी निवडून दिलेल्या नऊ जणांपैकी पाच जण एवढा मोठा निर्णय कोणत्या आधारावर घेतात आणि तो आधार त्यांना लोकांसमोर मांडावा लागतो की नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा काही सामान्य रहिवाशांनी वर्षानुवर्षे केला, त्यांच्यातली एक बाई शेवटी निवडणूक लढवून त्याच बोर्डावर गेली, आणि त्यानंतर काय बदलले व काय बदलले नाही, याचा हा अभ्यास आहे. प्रकरण परदेशातले असले तरी आपल्या गावात बागेच्या भूखंडासाठी भांडणाऱ्या माणसाला यातले बरेच काही उपयोगी पडेल असे मला वाटते.

आधी हे बोर्ड काय आहे ते समजून घ्यावे लागेल, कारण आपल्याकडे असे काही नाही. आपल्या महापालिकांत उद्यान विभाग असतो, उद्यान अधीक्षक असतो, वर आयुक्त असतात आणि बाजूला नगरसेवक. मिनियापोलिसमध्ये बागांचा कारभार महापालिकेपासून जवळजवळ पूर्णपणे अलग आहे. 1883 साली मिनेसोटाच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला. शहराच्या नगर परिषदेचा त्याला विरोध होता, कारण जमिनी आणि कर यांवरची तिची सत्ता कमी होणार होती. तरीही एप्रिल 1883 मध्ये मतदारांनी तो मतदानाने मंजूर केला. चार्ल्स लोरिंग पहिले अध्यक्ष झाले. होरेस क्लीव्हलँड या उद्यानरचनाकाराने त्याच वर्षी बोर्डापुढे आराखडा ठेवला. त्याचा मुख्य आग्रह असा की शहर वाढून जमिनी महाग होण्याआधी तलावांचे आणि नदीचे काठ सार्वजनिक मालकीत घ्या. पुढे 1906 ते 1935 अशी जवळजवळ तीस वर्षे थिओडोर विर्थ अधीक्षक होते आणि त्यांनी गल्लोगल्ली मुलांची मैदाने पोहोचवली. आज शहरातले जवळपास सगळे तलावकाठ सर्वांना खुले आहेत, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

आता बोर्डावर नऊ सदस्य असतात. शहराचे सहा विभाग पाडलेले आहेत, प्रत्येकातून एक आणि संपूर्ण शहरातून तीन. मुदत चार वर्षांची. मालमत्ता करातला एक हिस्सा बोर्डाकडे येतो, बोर्डाचे स्वतःचे पोलीस दल आहे, तलावांभोवतीचे काही रस्ते बोर्डाच्या ताब्यात आहेत, आणि रस्त्याकडेची झाडेही बोर्डच सांभाळते. हे सगळे ज्या नऊ जणांच्या हाती आहे त्यांना मिळणारे मानधन घर चालण्याइतकेही नसते. बहुतेक जण नोकरी सांभाळून संध्याकाळी बैठकीला येतात.

एवढी स्वतंत्र संस्था असण्याचा फायदा उघड आहे. नगर परिषदेला रस्त्याला किंवा पोलिसांना पैसा कमी पडला म्हणून बागेचा पैसा पळवता येत नाही. तोटा मात्र पटकन दिसत नाही. महापौराच्या निवडणुकीत सगळ्या शहराचे लक्ष असते, वर्तमानपत्रे असतात, वादसभा होतात. त्याच मतपत्रिकेवर खाली कुठेतरी पार्क बोर्डाची नावे येतात आणि तिथपर्यंत पोहोचेतो मतदाराचा उत्साह संपलेला असतो. एखादा सदस्य वर्षानुवर्षे निवडून येतो तो त्याचे नाव ओळखीचे असते म्हणून. त्याने कोणत्या ठरावावर कुठे मत दिले हे शंभरात एखाद्यालाच माहीत असते. त्यात मिनियापोलिसच्या बागांची ख्याती मोठी. 'ट्रस्ट फॉर पब्लिक लँड' ही संस्था अमेरिकी शहरांच्या बागांची वार्षिक क्रमवारी लावते, त्यात या शहराचा अनेकदा पहिला क्रमांक आला आहे. ज्या संस्थेचा शहराला अभिमान असतो तिला जाब विचारणे फार अवघड असते. विचारणाराच कुरकुऱ्या ठरतो.

2003 च्या त्या मतदानाने काही लोकांची झोप मोडली. 'पार्क वॉच' नावाचा नागरिकांचा एक गट उभा राहिला. त्यांचे काम दिसायला अगदी साधे होते. बोर्डाच्या बैठका आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी होत. या गटातली माणसे तिथे जाऊन बसत, विषयपत्रिका आधी वाचून येत, कोण काय बोलले आणि कोणी कुठे मत दिले ते टिपून घेत आणि लोकांसाठी प्रसिद्ध करत. बोर्डाचे अधिकृत इतिवृत्त असायचेच, पण इतिवृत्तात ठराव आणि मतांचे आकडे असतात. चर्चेत कोणता प्रश्न टाळला गेला, कोणता आकडा दोनदा विचारूनही मिळाला नाही, हे त्यात येत नाही. ती उणीव या लोकांनी भरून काढली.

त्यांच्या हातात दोन कायदे होते. मिनेसोटाचा खुल्या बैठकांचा कायदा 1957 पासूनचा आहे. सार्वजनिक मंडळाने बंद दाराआड बसण्याची कारणे त्यात मोजकीच दिली आहेत, आणि त्याबाहेरची चर्चा लोकांसमोर व्हावी लागते. दुसरा सरकारी कागदपत्रांचा कायदा, आपल्या माहिती अधिकारासारखा. करारनामा, पत्रव्यवहार, खर्चाचा तपशील मागता येतो. आपल्याकडे 2005 पासून माहिती अधिकारात काम करणारी जी जिद्दी माणसे गावोगावी आहेत, त्यांना पार्क वॉचची कार्यपद्धती लगेच ओळखीची वाटेल. फरक एकच. आपल्याकडे हाती आलेली माहिती घेऊन माणूस पुन्हा त्याच कार्यालयाच्या अपिलात जातो. तिथे ती माहिती घेऊन थेट त्या मंडळाच्या निवडणुकीला उभे राहता येते.

न्यायालयाचा रस्ताही त्या काळात वापरून झाला. मिसिसिपी नदीत निकोलेट नावाचे छोटे बेट आहे, ऐतिहासिक वास्तूंचा संरक्षित भाग आहे आणि त्यावर पार्कची जमीन आहे. तिथल्या दे ला साल या खासगी कॅथलिक शाळेला फुटबॉलचे मैदान हवे होते आणि त्यासाठी पार्कची जमीन वापरायची होती. पार्क बोर्डाने करार केला. वारसा जतन आयोगाने परवानगी नाकारली, ती नगर परिषदेने फिरवली. विरोधात असलेले नागरिक न्यायालयात गेले. 2008 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला आणि मैदान झाले. शाळेच्या मुलांना खेळायला जागा हवी होती हे खरे आहे. पण या लढ्यात एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा कळीचा मुद्दा आहे. न्यायालय एवढेच पाहते की मंडळाला तो अधिकार होता का आणि ठरलेली प्रक्रिया पाळली गेली का. सार्वजनिक जमीन खासगी संस्थेला वापरायला देणे शहाणपणाचे होते का, हे न्यायालय ठरवत नाही. ते ठरवण्याची जागा बोर्डाच्या टेबलाभोवतीच आहे, आणि तिथे नऊच खुर्च्या आहेत.

मग निवडणूक. नोव्हेंबर 2005 च्या निवडणुकीत चार नवे चेहरे आले. त्यातल्या मेरी मेरिल अँडरसन तर 2003 पर्यंत स्वतः अधीक्षक होत्या, म्हणजे ज्यांच्या निवृत्तीने ती जागा रिकामी झाली त्याच. संस्था आतून माहीत असलेली व्यक्ती आता मतदारांच्या वतीने तिथे बसली. बदल हवा असणाऱ्यांच्या आशा वाढल्या. पण नऊपैकी चार म्हणजे पाच नव्हेत. अध्यक्षपद, समित्यांची रचना, विषयपत्रिकेवर काय येणार हे सगळे पाच मतांवर ठरते. अधीक्षक कायम राहिले. चार वर्षे बरीच भांडणे झाली आणि कारभाराच्या रीतीत फारसा फरक पडला नाही.

एकटा प्रामाणिक माणूस निवडून आला की कारभार सुधारतो, ही समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे. हा टप्पा त्या समजुतीला धक्का देतो. एकटा सदस्य प्रश्न विचारू शकतो, विरोधी मत नोंदवू शकतो, कागद मागू शकतो. याला किंमत आहेच, कारण आतून विचारलेला प्रश्न अधिकाऱ्यांना टाळता येत नाही. पण निर्णय बदलायचा तर आणखी चार जण पटवावे लागतात, आणि ते चार जण बहुधा तेच असतात ज्यांच्यावर आपण काल टीका केली होती. मागच्या बाकावर बसून टिपणे घेणाऱ्या माणसाला हे सर्वांत जड जाते.

2009 साल आले तेव्हा वादाला दुसरी बाजू फुटली. नगर परिषदेच्या काही सदस्यांनी पार्क बोर्डच बरखास्त करण्याचा प्रस्ताव पुढे आणला. कर आणि कर्जमर्यादा ठरवणारे आणखी एक स्वतंत्र मंडळ शहरात आहे, तेही रद्द करावे असे त्यांचे म्हणणे होते. युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. इतकी वेगवेगळी मंडळे असली की नागरिकाला कोणाला पकडायचे तेच कळत नाही, खर्च दुप्पट होतो, सगळे एका महापौराखाली आणा म्हणजे जबाबदार कोण हे स्पष्ट होईल. म्हणजे उत्तरदायित्वाच्या नावाने एक गट बोर्ड सुधारायला निघाला होता आणि त्याच नावाने दुसरा गट ते बंद करायला.

मला पहिल्या गटाचे म्हणणे पटते. महापौराला लोक पोलीस, घरे, रस्ते, कर अशा दहा गोष्टींवर तोलतात, त्यात बागेचा नंबर शेवटचा लागतो. वेगळे बोर्ड असले की निदान चार वर्षांतून एकदा फक्त बागांवरून मत देता येते. पण ती संधी लोकांनी वापरली तरच. न वापरलेले वेगळे बोर्ड हे महापौराच्या खात्यापेक्षा वाईट, कारण तिथे काय चालते हे पाहायला कोणी फिरकत नाही. त्या नोव्हेंबरात कर मंडळ रद्द करण्याचा प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि मतदारांनी तो नाकारला. पार्क बोर्डही टिकले.

त्याच निवडणुकीत शहरात पसंतीक्रमाचे मतदान पहिल्यांदा वापरले गेले. 2006 मध्ये मतदारांनी त्याला मान्यता दिली होती. राज्यसभेच्या निवडणुका किंवा आपल्या विधान परिषदेचे पदवीधर मतदारसंघ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे नवे नाहीत. विभागाच्या जागेसाठी निम्म्याहून अधिक मते लागतात, ती कोणाला मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. शहरभराच्या तीन जागांसाठी कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मते, एक चतुर्थांशाहून एक मत अधिक. अशा पद्धतीत नवख्या उमेदवाराला 'तुम्ही उभे राहिलात तर मते फुटतील' हे ऐकावे लागत नाही. मात्र दुसऱ्या पसंतीसाठी प्रतिस्पर्ध्याच्या मतदाराच्या दारातही जावे लागते, आणि त्यामुळे प्रचाराची भाषा बरीच सौम्य होते.

उभे राहायला किती खर्च? त्या काळी अर्जाचे शुल्क 20 डॉलर होते, महापौरासाठीही तेवढेच. 2013 मध्ये महापौरपदालाच 35 उमेदवार उभे राहिले, म्हणून 2014 मध्ये मतदारांनी शुल्क वाढवायला संमती दिली आणि पार्क बोर्डाचे 100 डॉलर झाले. तरीही हा अडथळा मोठा म्हणता येत नाही. खरा अडथळा वेगळा आहे. शहर बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूचे आहे, त्या पक्षाला मिनेसोटात डीएफएल म्हणतात. पक्षाच्या स्थानिक मेळाव्यात पाठिंबा मिळाला तर अर्धी लढाई जिंकली. त्या मेळाव्यात दिवसभर बसून राहण्याची चिकाटी लागते. तरी हे दार एकमेव नाही. ॲनी यंग या ग्रीन पक्षाच्या कार्यकर्त्या शहरभराच्या जागेवरून वर्षानुवर्षे निवडून येत राहिल्या.

आकड्यांकडे जरा थांबून पाहू. 2010 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3,82,578 होती. म्हणजे एका विभागात साधारण 64 हजार माणसे, मुंबईतल्या एका प्रभागाहून थोडी जास्त. 2009 मध्ये सगळ्या शहरात मिळून मतदान केले सुमारे 46 हजार जणांनी. एका विभागाच्या वाट्याला सरासरी साडेसात हजार मतदार आले. एवढ्या घरांपर्यंत उन्हाळ्याच्या संध्याकाळी पायी फिरून पोहोचता येते. मोठी होर्डिंगे, मोठे देणगीदार लागत नाहीत. लागते ते दारात उभे राहून दोन मिनिटांत सांगता येईल असे काहीतरी, आणि ज्याने आधी काही वर्षे बैठका ऐकल्या आहेत त्याच्याकडे ते असते. 'तुमच्या कोपऱ्यावरच्या मैदानाचे शौचालय बंद का आहे आणि त्याचा पैसा कोणत्या वर्षी कुठे वळवला गेला' हे जो सांगू शकतो त्याला लोक घरात बोलावतात.

पार्क वॉचच्या कामातून पुढे आलेल्या लिझ विलिन्स्की 2009 मध्ये ईशान्य मिनियापोलिसच्या पहिल्या विभागातून निवडून आल्या. जानेवारी 2010 मध्ये नवे बोर्ड बसले, जॉन अर्विन अध्यक्ष झाले. गर्बन यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. नव्या अधीक्षकासाठी देशभर शोध घेण्यात आला आणि मिशिगन राज्यात पार्कच्या कारभाराचा मोठा अनुभव असलेल्या जेन मिलर यांची त्याच वर्षी नेमणूक झाली. 2003 मध्ये जे व्हायला हवे होते ते सात वर्षांनी झाले. त्यासाठी दोन निवडणुका लागल्या आणि असंख्य संध्याकाळी लोकांनी बाकावर बसून घालवल्या. पुढे 2014 आणि 2015 मध्ये विलिन्स्की स्वतः बोर्डाच्या अध्यक्ष होत्या.

एवढ्यावर थांबले असते तर ही फक्त माणसे बदलल्याची गोष्ट झाली असती. पुढची पाच-सहा वर्षे महत्त्वाची आहेत, कारण तेव्हा पैशाच्या वाटपाचा मूळ प्रश्न हातात आला.

मिनियापोलिसचे दोन चेहरे आहेत. नैर्ऋत्येकडे तलावांची माळ, सायकलींचे रस्ते, महाग घरे. उत्तरेकडे आणि दक्षिणेच्या काही भागांत कृष्णवर्णीय, स्थलांतरित, गरीब वस्ती. तिथे मैदाने आहेत, पण त्यांच्या इमारती जुन्या, खेळाचे साहित्य मोडके. ही दुरुस्ती वर्षानुवर्षे पैसा नाही म्हणून पुढे ढकलली गेली होती. आणि पैसा आला की तो कुठे जाणार हे सदस्यांच्या ओढाताणीवर, रहिवाशांच्या संघटनेच्या आवाजावर आणि कधी देणगीदाराच्या इच्छेवर ठरत असे. ज्या वस्तीतली माणसे दोन पाळ्यांत काम करतात त्यांचा आवाज बैठकीपर्यंत पोहोचत नाही. अमेरिकेत असो वा आपल्याकडे, हे सगळीकडे सारखे आहे. 2015-16 च्या सुमारास नागरी हक्क संघटनांनी बोर्डाच्या बैठकांत येऊन याबद्दल उघड निदर्शने केली. सदस्यांना ती आवडली नाहीत, वातावरण तापले. पण प्रश्न टेबलावर आला.

2016 मध्ये दोन गोष्टी झाल्या. नगर परिषद आणि पार्क बोर्ड यांच्यात वीस वर्षांचा करार झाला, ज्यात वस्तीतल्या बागांसाठी दरवर्षी सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलर जादा मिळायचे ठरले. आणि पार्क बोर्डाने एक अध्यादेशवजा नियम मंजूर केला की हा पैसा कोणत्या बागेला आधी मिळणार ते ठरलेल्या निकषांच्या गुणांवरून ठरेल. निकष लिहून ठेवले : वांशिक अल्पसंख्याकांची गरिबी जिथे एकवटली आहे तो भाग, लोकवस्तीची दाटी, मुलांची संख्या, परिसराची सुरक्षितता, बागेतल्या सोयींची सध्याची अवस्था आणि त्यांचे उरलेले आयुष्य, आणि आतापर्यंत त्या बागेवर किती खर्च झाला. प्रत्येक बागेला गुण मिळतात, यादी लागते, यादी प्रसिद्ध होते. कुठल्याही सदस्याला आपल्या विभागातली बाग गुपचूप वर सरकवता येत नाही.

या नियमावर टीका झाली. तलावाकाठच्या रहिवाशांना वाटले की आपल्याला मागे टाकले जात आहे. काहींचे म्हणणे, गुण देताना कोणत्या निकषाला किती वजन हा शेवटी राजकीय निर्णयच आहे. ते खरेच आहे. पण तो निर्णय एकदा, सर्वांसमोर, आकड्यांत घेतला गेला. 2003 चे मतदान आणि 2016 चा नियम शेजारी ठेवले की या सगळ्या खटाटोपाचे फळ कशात आहे ते दिसते. पहिल्यात पाच जणांनी कारण न देता निर्णय घेतला. दुसऱ्यात बोर्डाने स्वतःच्या पुढच्या सगळ्या निर्णयांची कारणे आधीच लिहून दिली आणि स्वतःची मोकळीक कमी करून घेतली. निवडून आल्यावर सदस्याने करण्यासारखे सर्वांत मोठे काम हेच आहे असे मला मनापासून वाटते. आपण पदावर असताना चांगले निर्णय घेणे त्या मानाने सोपे असते. आपल्यानंतर येणाऱ्या माणसालाही कारण द्यावेच लागेल अशी सोय करून जाणे कठीण, आणि ते या बोर्डाने केले.

आता आपल्याकडे वळतो, थोडक्यात. आपल्याकडे बागांसाठी निवडून द्यायचे मंडळ नाही. 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरण असते. त्याचे अध्यक्ष आयुक्त, आणि सोबत नगरसेवक व तज्ज्ञ सदस्य. 29 ऑगस्ट 2019 ला मुंबईच्या प्राधिकरणाने मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडायला मतदानाने मंजुरी दिली, तेव्हा किती मुंबईकरांना असे काही प्राधिकरण असते हे पहिल्यांदा कळले! मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे प्रशासकाचाच कारभार होता. त्या काळात बागेच्या भूखंडाबद्दल निवडून आलेल्या माणसाला विचारायचे तर माणूसच नव्हता. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आपल्या कायद्यात 2009 मध्येच आली, ती कागदावर राहिली. पार्क वॉचने केले ते मात्र इथे आजही करता येते : प्रभाग समितीची विषयपत्रिका मागणे, बैठकीला जाणे, कोणी कुठे मत दिले ते लिहून प्रभागातल्या लोकांना दाखवणे, आणि उद्यानाच्या दुरुस्तीचा क्रम कोणत्या निकषावर लावला हे लेखी विचारणे.

मिनियापोलिसमध्ये पुढे काय झाले ते सगळेच गोड नाही. 2017 च्या निवडणुकीत नऊपैकी सहा सदस्य नवे आले. जेन मिलर 2018 च्या सुरुवातीला पद सोडून पिट्सबर्गला गेल्या आणि आधीच्या अधीक्षक मेरी मेरिल अँडरसन आता हंगामी अधीक्षक म्हणून परत आल्या. अल बांगुरा यांनी 2019 मध्ये सूत्रे घेतली. 2020 च्या उन्हाळ्यात पाउडरहॉर्न पार्कमध्ये बेघर लोकांच्या शेकडो राहुट्या उभ्या राहिल्या तेव्हा बोर्ड आधी परवानगी आणि मग निर्बंध असे हेलकावे खात राहिले. जुलै 2024 मध्ये बागकाम आणि देखभाल करणाऱ्या कामगारांनी वेतनासाठी संप केला, बोर्डाच्या 141 वर्षांच्या इतिहासातला पहिला. तो जवळजवळ तीन आठवडे चालला. लोकांनी निवडलेले, लोकाभिमुख म्हणवणारे सदस्य आपल्याच कामगारांसमोर कमी पडले हा ठपका त्या वेळी अनेकांनी ठेवला, आणि तो मला रास्त वाटतो. खुली बैठक आणि चांगला नियम असला तरी टेबलापलीकडच्या माणसाचे ऐकून घेण्याची तयारी लागतेच.

आणि असे बोर्ड कायम राहीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये सात सदस्यांचे निवडून आलेले पार्क बोर्ड आहे. 2022 मध्ये केन सिम यांच्या पक्षाने त्यातल्या सहा जागा जिंकल्या. डिसेंबर 2023 मध्ये महापौर सिम यांनी ते बोर्डच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. त्यांच्याच पक्षाचे तीन सदस्य त्याला विरोध करत पक्षातून बाहेर पडले आणि बोर्डात बहुमत फिरले. ज्या संस्थेवर आपण निवडून आलो ती वाचवायला हवी, हे त्यांनी पक्षापेक्षा वर मानले.

मिनियापोलिसमध्ये बागांची गुणांची यादी नियमानुसार अर्थसंकल्पाच्या कामात वापरली जाते. उत्तर भागातल्या रहिवाशाला आपल्या कोपऱ्यावरच्या मैदानाचा क्रमांक पाहता येतो आणि तो का तसा आहे हे बैठकीत विचारता येते. एखाद्या सदस्याला तो क्रम बदलायचा असेल तर नियमच बदलावा लागेल, आणि त्यासाठी उघड बैठकीत पाच मते लागतील.